रुग्णालयात लागलेला संसर्ग: नोंद, कोड आणि संगणक यांची सांगड कशी घालावी

रुग्णालयात दाखल झाल्यानंतर रुग्णाला लागलेला एकच संसर्ग तीन ठिकाणी नोंदला जातो. उपचार करणारे डॉक्टर तो केसपेपरवर लिहितात, संसर्ग नियंत्रण परिचारिका तो आपल्या देखरेखीच्या नोंदवहीत मोजते आणि रुग्ण घरी गेल्यावर कोडर त्याला आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणातला, म्हणजे आयसीडीचा कोड देतो. महिनाअखेरीस या तिन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले की ते जुळत नाहीत आणि मग कोणाचे तरी चुकले असे समजून शोधाशोध सुरू होते. पुष्कळदा चूक कोणाचीच नसते, कारण तिघांचे प्रश्न वेगळे आहेत. डॉक्टरांना आज कोणते औषध द्यायचे हे ठरवायचे असते, परिचारिकेला वॉर्डात संसर्ग वाढतो आहे की कमी होतो आहे हे पाहायचे असते आणि कोडरला डॉक्टरांनी जे लिहिले तेच वर्गीकरणाच्या भाषेत मांडायचे असते.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने कोडर, नोंदणी विभाग, संसर्ग नियंत्रण परिचारिका आणि रुग्णालयाची संगणक प्रणाली सांभाळणारे कर्मचारी यांच्यासाठी आहे. उदाहरणादाखल दिलेले कोड आयसीडी-१० च्या अमेरिकी आवृत्तीतले, म्हणजे आयसीडी-१०-सीएममधले आहेत, कारण त्या आवृत्तीत या विषयाचा तपशील सर्वांत बारीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये हेच संसर्ग टी८०.२, टी८१.४, टी८३.५ अशा आखूड कोडांखाली येतात. देखरेखीच्या व्याख्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरक्षा जाळ्याच्या, अर्थात एनएचएसएनच्या आहेत. आपल्याकडे दुसरी व्याख्या लागू असेल तर दिवसांचे आकडे बदलतील, कामाची रीत तीच राहील.

आधी तारखा

कोड शोधण्यापूर्वी पाच तारखा एका कागदावर काढाव्यात: दाखल होण्याची, नळी घातल्याची, नळी काढल्याची, पहिले लक्षण दिसल्याची आणि तपासणीचा नमुना घेतल्याची. ‘नळी’ म्हणजे येथे सेन्ट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत नेलेली नळी), लघवीचा कॅथेटर किंवा व्हेंटिलेटरची श्वासनळी. या पाचांपैकी सर्वांत जास्त वेळा हरवलेली सापडते ती नळी काढल्याची तारीख. नळी घालणे ही एक प्रक्रिया असते, तिची संमती घेतली जाते, तिचे साहित्य भांडारातून येते, त्यामुळे तिचा माग कुठे तरी राहतो. काढणे हे दोन मिनिटांचे काम असते आणि ते कोणीतरी पहाटेच्या पाळीत करून टाकते. माझ्या पाहण्यात असा एक केसपेपर आलेला आहे, ज्यात लघवीचा कॅथेटर काढल्याची नोंदच नव्हती आणि संगणकाच्या हिशेबाने तो रुग्ण घरी जाईपर्यंत कॅथेटरवरच होता, तर त्याच केसपेपरमधल्या परिचारिकेच्या नोंदीत ‘रुग्ण स्वतः स्वच्छतागृहात जाऊन आला’ असे चार दिवस लिहिलेले होते.

दिवस मोजण्याची रीत पक्की असावी. एनएचएसएनच्या पद्धतीत आंतररुग्ण म्हणून दाखल झाल्याचा दिवस हा पहिला दिवस धरतात, मग रुग्ण पहाटे आलेला असो की रात्री साडेअकराला. संसर्गाची घटना तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर घडली तर तो रुग्णालयात लागलेला संसर्ग ठरतो. दाखल होण्याआधीचे दोन दिवस, दाखल झाल्याचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस या काळात घडली तर तो ‘दाखल होतानाच असलेला’ संसर्ग ठरतो. नळीशी जोडलेल्या संसर्गासाठी ती नळी सलग दोनपेक्षा जास्त कॅलेंडर दिवस शरीरात असावी लागते आणि घटनेच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी ती जागेवर असावी लागते. ‘४८ तास’ हा जुना हिशेब अनेकांच्या तोंडी अजून आहे. तास आणि कॅलेंडर दिवस यांची सरमिसळ झाली की सीमेवरचे रुग्ण कधी इकडे तर कधी तिकडे मोजले जातात, म्हणून एका रुग्णालयात एकच रीत चालवावी.

नमुना घेतल्याची वेळ आणि तो प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ यांत मोठा घोळ होतो. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री १०:४० वाजता घेतलेले रक्त प्रयोगशाळेत रात्री १२:५० ला नोंदले गेले आणि प्रणालीने तीच वेळ उचलली, तर तारीख एका दिवसाने पुढे सरकते. दुसरा दिवस तिसरा होतो आणि रुग्ण घरूनच घेऊन आलेला संसर्ग रुग्णालयाच्या खात्यात जमा होतो. प्रणाली बसवताना पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारावा की अहवालावरची तारीख नक्की कोणत्या क्षणाची आहे. ‘नमुना घेतल्याची वेळ’ हा रकाना सक्तीचा ठेवावा आणि तो रुग्णाच्या उशाशी, बाटलीवरचा बारकोड स्कॅन करतानाच भरला जावा. पाळी संपताना आठवून भरलेल्या वेळा सगळ्या सव्वा आणि साडेच्या असतात, त्यावरून त्या ओळखू येतात.

एक रुग्ण जवळून

पुढील रुग्ण कल्पित आहे, घटनाक्रम मात्र नेहमीचा आहे. ६२ वर्षांच्या एक बाई मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेसाठी ३ तारखेला दाखल झाल्या. ४ तारखेला शस्त्रक्रिया झाली, त्याच वेळी मानेतून सेन्ट्रल लाइन आणि लघवीचा कॅथेटर घातला गेला. ९ तारखेला रात्री थंडी वाजून ३८.७ अंश ताप आला. १०:४० वाजता ब्लड कल्चरचे, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे, दोन संच घेतले. १० तारखेला सकाळी लाइन काढली. त्या संध्याकाळी दोन्ही संचांत वाढ दिसली आणि १२ तारखेला अंतिम अहवाल आला: मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजेच एमआरएसए. पोटावरची जखम स्वच्छ होती, छातीचा एक्स-रे साफ होता, लघवीत जंतू नव्हते. डॉक्टरांच्या दैनंदिन नोंदीत ९ तारखेला ‘ताप, कल्चर पाठवले, लाइन आहे’ आणि १२ तारखेला ‘एमआरएसए, व्हँकोमायसिन सुरू’ एवढेच लिहिलेले आहे. डिस्चार्ज समरीत ‘शस्त्रक्रियेनंतर ताप, प्रतिजैविके दिली, बरे वाटल्यावर घरी सोडले’ असे आहे.

संसर्ग नियंत्रण परिचारिकेचे काम येथे लवकर संपते. घटनेची तारीख ९, म्हणजे दाखल झाल्यापासून सातवा आणि लाइनचा सहावा दिवस. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा मान्य रोगकारक जंतू असल्यामुळे एक सकारात्मक कल्चरही पुरते आणि शरीरात दुसरीकडे कुठे त्याच जंतूचा संसर्ग सापडत नाही. त्यामुळे सेन्ट्रल लाइनशी निगडित रक्तप्रवाह-संसर्ग म्हणून तो मोजला जातो. डॉक्टरांनी कारण काय लिहिले आहे याच्याशी या मोजणीचा संबंध नाही. व्याख्या पुरी झाली, मोजणी झाली. जखमेतल्या पुवात तोच जंतू सापडला असता आणि त्या जागेच्या संसर्गाची व्याख्या पुरी झाली असती, तर रक्तातला संसर्ग दुय्यम ठरून लाइनच्या खात्यातून निघाला असता.

कोडरची स्थिती उलट आहे. कल्चरचा अहवाल त्याच्या डोळ्यांसमोर आहे, लाइनचे दिवस त्याला मोजता येतात, तरीही त्याला ‘लाइनमुळे झालेला संसर्ग’ हा कोड लावण्याचा अधिकार नाही. कोडिंगच्या नियमांनुसार उपचाराची गुंतागुंत कोड करायची असेल तर ती स्थिती आणि उपचार किंवा साधन यांच्यातला संबंध उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लिखाणात असावा लागतो. केवळ प्रयोगशाळेच्या अहवालावरून निदान उचलता येत नाही. नव्या कोडरना हा नियम जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण रक्तातला जंतू कुठून आला हा वैद्यकीय निर्णय आहे आणि तो घेणाऱ्याचे नाव त्या निर्णयाखाली असले पाहिजे.

डॉक्टरांना प्रश्न कसा विचारावा

अशा वेळी कोडरने लेखी विचारणा करावी आणि ती उत्तर सुचवणारी नसावी. ‘हा सेन्ट्रल लाइनचा सेप्सिस आहे, कृपया तसे लिहावे’ किंवा ‘लाइनमुळे संसर्ग झाला, होय की नाही?’ अशा विचारणा टाळाव्यात. (सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादातून उद्भवणारा गंभीर आजार.) पहिल्या विचारणेत निदान कोडरने केलेले आहे आणि दुसरीत डॉक्टरांना एकाच निदानावर शिक्का मारायचा आहे. वरच्या रुग्णासाठी विचारणा साधारण अशी लिहिता येईल:

‘९ तारखेला रात्री ताप ३८.७ अंश, थंडी, नाडी ११८. रात्री १०:४० ला घेतलेल्या ब्लड कल्चरच्या दोन्ही संचांत एमआरएसए. सेन्ट्रल लाइन ४ ते १० तारखेपर्यंत. १२ तारखेपासून व्हँकोमायसिन. वरील माहितीच्या आधारे या उपचारांमागचे निदान आणि त्याचा स्रोत ठरवता येत असल्यास नोंदवावा: सेन्ट्रल लाइनमुळे झालेला रक्तप्रवाहाचा संसर्ग, अन्य स्रोतामुळे झालेला रक्तप्रवाहाचा संसर्ग (स्रोत लिहावा), सेप्सिसशिवाय केवळ रक्तातील जंतू, अन्य निदान, वैद्यकीयदृष्ट्या ठरवता येत नाही. सेप्सिस असल्यास त्यामुळे कोणत्या अवयवाचे कार्य बिघडले होते काय, तेही लिहावे.’

या मजकुरात पैशाचा, गुणांकनाचा किंवा अहवालाचा उल्लेख नाही आणि तो कधीच नसावा. अमेरिकेत १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विमा योजनेने, काही रुग्णालयजन्य स्थितींसाठी जादा रक्कम देणे थांबवले. कॅथेटरशी निगडित मूत्रमार्गाचा संसर्ग आणि रक्तवाहिनीतील कॅथेटरचा संसर्ग हे दोन्ही त्या यादीत आहेत. तेव्हापासून या कोडांना पैशाचे वजन आले आणि वजन आले की काटा झुकवण्याचा मोहही येतो. विचारणा आणि तिचे उत्तर दोन्ही नोंदींत जपून ठेवावे. पुढे कोणी तपासणी केली तर कोडरच्या बाजूने बोलणारा तोच एक कागद असतो.

‘युरोसेप्सिस’ या शब्दाची वेगळी सूचना देतो. वॉर्डात तो सर्रास वापरला जातो, कोणी त्याचा अर्थ मूत्रमार्गाचा साधा संसर्ग असा घेतो, कोणी मूत्रमार्गातून रक्तात पसरलेला गंभीर आजार असा. आयसीडी-१०-सीएममध्ये त्याला कोडच नाही. तो दिसला की विचारणा पाठवावीच.

कोड लावताना

समजा, डॉक्टरांनी उत्तर दिले: ‘सेन्ट्रल लाइनमुळे झालेला एमआरएसए सेप्सिस, अवयवांचे कार्य बिघडलेले नव्हते.’ मुख्य निदान ज्या कारणासाठी बाई दाखल झाल्या तेच, म्हणजे आतड्याचा कर्करोग, राहील. दुय्यम निदानांत आधी टी८०.२११ए, म्हणजे सेन्ट्रल व्हेनस कॅथेटरमुळे झालेला रक्तप्रवाहाचा संसर्ग, आणि त्यानंतर ए४१.०२, म्हणजे एमआरएसएमुळे झालेला सेप्सिस. गुंतागुंतीचा कोड आधी आणि संसर्गाचा नंतर, हा क्रम मोडू नये. ए४१.०२ मध्ये जंतू आणि त्याचा औषधरोध दोन्ही सामावलेले आहेत, म्हणून बी९५.६२ किंवा पेनिसिलिन-रोधाचा झेड१६.११ सोबत जोडू नये. अवयवांचे कार्य बिघडले असते तर आर६५.२० आणि त्या बिघाडाचा कोड, उदाहरणार्थ मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याचा एन१७.९, लागला असता. शॉक असता तर आर६५.२१.

टी८०.२११ए मधल्या शेवटच्या ‘ए’ या अक्षरावर बऱ्याच जणांचा पाय घसरतो. त्याचे अधिकृत नाव ‘प्रारंभिक भेट’ असे असले तरी त्याचा अर्थ त्या स्थितीवर सक्रिय उपचार चालू आहेत असा आहे. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला आणि तेथेही त्याच संसर्गावर प्रतिजैविके चालू राहिली, तर तेथेही ‘ए’च लागतो.

इतर नेहमीचे कोड असे: मूत्रमार्गात ठेवलेल्या कॅथेटरमुळे झालेला संसर्ग टी८३.५११ए, व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया जे९५.८५१, शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग वरवरचा असल्यास टी८१.४१एक्सए, खोल असल्यास टी८१.४२एक्सए, अवयव किंवा पोकळीतला असल्यास टी८१.४३एक्सए. जे९५.८५१ तर रुग्ण व्हेंटिलेटरवर होता आणि त्याला न्यूमोनिया झाला एवढ्यावर लावताच येत नाही, डॉक्टरांनी दोहोंचा संबंध जोडलेला असावा लागतो. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळे झालेला आतड्याचा दाह पुन्हा उद्भवलेला असेल तर ए०४.७१, नसेल तर ए०४.७२.

प्रत्येक कोडापुढे ‘दाखल होताना होते काय’ याचा निर्देशक येतो: होय असेल तर वाय, नाही असेल तर एन, नोंद अपुरी असेल तर यू आणि डॉक्टरांनाच वैद्यकीयदृष्ट्या ठरवता आले नसेल तर डब्ल्यू. आपल्या रुग्णाच्या दोन्ही संसर्ग-कोडांना एन लागेल. ‘दाखल होताना’ हे शब्द परिचारिकेच्या व्याख्येतही येतात, अर्थ मात्र वेगळा आहे. तिकडे पहिला आणि दुसरा दिवस अशी गणिती रेषा आहे. इकडे कोणतीही दिवसांची रेषा नाही, चौथ्या दिवशी निदान झालेला आजारही डॉक्टरांच्या मते दाखल होताना शरीरात होता तर वाय लागतो. एकाच रुग्णापुढे परिचारिकेने ‘रुग्णालयात लागलेला’ आणि कोडरने ‘दाखल होताना असलेला’ असे लिहिलेले दिसले, तर भांडण्याआधी हा फरक आठवावा. यू मात्र आळसाचे लक्षण समजावे. यू लावण्याची वेळ आली म्हणजे विचारणा करायची राहून गेली आहे.

आयसीडी-११ जागतिक आरोग्य सभेने मे २०१९ मध्ये स्वीकारले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात मूळ कोडाला जोड-कोड लावून एक समूह तयार करता येतो. रुग्णसुरक्षेच्या घटनेसाठी झालेली हानी, तिचे कारण आणि ती कशा रीतीने घडली हे तीन भाग एकत्र बांधता येतात आणि स्थिती दाखल होण्यापूर्वीची की नंतरची हेही जोड-कोडाने सांगता येते. आज आयसीडी-१० वर काम करणाऱ्यांनीही आपल्या प्रणालीत हे तीन भाग वेगवेगळ्या रकान्यांत साठवायला सुरुवात करावी, म्हणजे पुढे जुने केसपेपर उपसावे लागणार नाहीत.

जंतू सापडला, पण संसर्ग नाही

काही दिवस कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू सापडणे ही सामान्य गोष्ट आहे. ताप नाही, ओटीपोटात दुखणे नाही, तर ती नुसती जंतूंची उपस्थिती आहे आणि डॉक्टरांनी तसे लिहिले असेल तर तिचा कोड आर८२.७१ आहे. देखरेखीच्या व्याख्येतही लक्षण हवे, कल्चरमध्ये दोनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू नकोत आणि त्यांपैकी एका जिवाणूची संख्या मिलिलिटरमागे किमान १ लाख हवी. तसेच त्वचेवर नेहमी राहणारा, कोअॅग्युलेज न बनवणारा स्टॅफिलोकोकस रक्ताच्या दोनपैकी एकाच संचात उगवला तर तो बहुधा सुई टोचताना त्वचेवरून आलेला असतो. म्हणूनच अशा जंतूंसाठी वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या किमान दोन नमुन्यांत तोच जंतू आणि सोबत ताप, थंडी किंवा रक्तदाब घसरणे यांपैकी एक लक्षण, अशी दुहेरी अट आहे.

रुग्णाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. चुकून लावलेला संसर्गाचा कोड पुढच्या वेळी दाखल होताना जुन्या आजारांच्या यादीत वर येतो, नवे डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतात आणि गरज नसलेले प्रतिजैविक पुन्हा दिले जाते.

संगणकाकडून कोणते काम घ्यावे

अंतिम कोड रुग्ण घरी गेल्यानंतर लागतो. त्यामुळे तो वॉर्डातल्या धोक्याची घंटा होऊ शकत नाही आणि कोडांच्या आधारे संसर्गाचा ‘थेट’ फलक दाखवणारी प्रणाली विकत घेऊ नये. वेळेवर इशारा हवा असेल तर तो प्रयोगशाळा, औषधे आणि नळ्यांच्या नोंदी यांच्या जोडणीतून काढावा लागतो.

जोडणीसाठी तीन भाषा जुळाव्या लागतात. तपासणी कोणती केली हे सांगण्यासाठी लॉइंक आहे, ज्यात रक्ताच्या कल्चरने ओळखलेल्या जिवाणूचा कोड ६००-७ आणि लघवीच्या कल्चरचा ६३०-४ आहे. काय सापडले हे सांगण्यासाठी स्नोमेड सीटी आहे, ज्यात स्टॅफिलोकोकस ऑरियसचा क्रमांक ३०९२००८ आहे. आणि हा निरोप एका प्रणालीकडून दुसरीकडे नेण्यासाठी एचएल७ किंवा त्याचे नवे रूप एफएचआयआर आहे. प्रयोगशाळा जंतूचे नाव मोकळ्या मजकुरात टंकत असेल तर ‘एस. ऑरियस’, ‘स्टॅफ ऑरियस’ आणि ‘ऑरियस (एमआरएसए)’ हे संगणकाला तीन वेगळे जंतू वाटतात. म्हणून नावे निवडीच्या यादीतूनच भरली जावीत. औषधरोधाच्या निकालांचे विश्लेषण करण्यासाठी व्होनेट हे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहे आणि अनेक देशांतल्या प्रयोगशाळा ते वापरतात. लहान रुग्णालयाने महागड्या प्रणालीच्या आधी तेच चालवून पाहावे असे माझे मत आहे.

इशाऱ्याचा नियम साध्या वाक्यात लिहिता आला पाहिजे: ‘दाखल झाल्याचा तिसरा दिवस किंवा पुढचा, सेन्ट्रल लाइन तिसऱ्या दिवशी किंवा त्यापुढे, आणि रक्तात वाढ, तर नाव परिचारिकेच्या कामाच्या यादीत टाक.’ हा इशारा तपासणीसाठी आहे, तो तिच्या यादीत शांतपणे जाऊन बसावा. एमआरएसए सापडल्याचा निरोप मात्र त्याच क्षणी वॉर्डात गेला पाहिजे, कारण हातमोजे, गाऊन आणि शक्य असल्यास वेगळी खोली यांची व्यवस्था लगेच करावी लागते. सगळे इशारे सगळ्यांना पाठवले की तिसऱ्या दिवसापासून कोणीच ते वाचत नाही.

दर काढण्यासाठी छेद बरोबर हवा. लाइनच्या संसर्गाचा दर दर १००० लाइन-दिवसांमागे मांडतात: तिमाहीत १५०० लाइन-दिवस आणि ३ संसर्ग झाले तर दर २. लाइन-दिवस म्हणजे रोज ठरलेल्या एकाच वेळी लाइन असलेल्या रुग्णांची शिरगणती, आणि एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी दिवस एकच. ही गणती संगणकाकडे सोपवण्यापूर्वी सलग तीन महिने हाताने आणि संगणकाने अशी दोन्ही मोजणी करावी आणि दोहोंतला फरक ५ टक्क्यांच्या आत आल्यावरच हाताची मोजणी थांबवावी. काढल्याची तारीख न भरलेल्या नळ्या या तीन महिन्यांत आपोआप उघड्या पडतात. त्या संगणकाच्या हिशेबात दिवस वाढवतात आणि दर खोटाच उतरवतात.

कोड सुचवणारी सॉफ्टवेअर आता सगळीकडे आली आहेत. ती वापरावीत, मात्र प्रत्येक सुचवणीसोबत केसपेपरमधले ज्यावरून ती सुचली ते वाक्य दिसलेच पाहिजे, अशी अट घालावी. ‘लाइनच्या संसर्गाचा पुरावा नाही’ या वाक्यातला ‘नाही’ अशा सॉफ्टवेअरच्या हातून निसटू शकतो. शिवाय डॉक्टरांनी कालची नोंद उचलून आज चिकटवलेली असते आणि त्यात काढून तीन दिवस झालेली लाइन अजून ‘जागेवर, स्वच्छ’ असते. कोडरने सुचवणी स्वीकारण्याआधी ते वाक्य प्रथम कोणत्या तारखेला लिहिले गेले हे पाहावे.

दरमहा एकदा कोडर आणि परिचारिका यांनी एकत्र बसून आपापल्या याद्या जुळवाव्यात. दोन्हींत असलेली नावे बाजूला ठेवावीत, एकाच यादीतली नावे एकेक करून उघडावीत आणि प्रत्येकापुढे कारण लिहावे: व्याख्येतला फरक, नोंदीची उणीव, विचारणा राहिली, की खरी चूक. याद्या जबरदस्तीने सारख्या करू नयेत.

रुग्णाच्या हाती काय जाते

लघवीची नळी किंवा लाइन आज का ठेवली आहे, हा प्रश्न रोजच्या फेरीत विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर प्रणालीत एका रकान्यात उतरले पाहिजे. उत्तर भरल्याशिवाय दिवसाची नोंद बंद होऊ नये. रुग्णाला आणि नातेवाइकांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे: ‘ही नळी अजून कशासाठी आहे, हे तुम्ही आम्हाला रोज विचारा. विचारल्याचा आम्हाला राग येणार नाही.’

संसर्ग झाल्यावर तो रुग्णाला डॉक्टरांनी तोंडी आणि सोप्या भाषेत सांगावा, आणि तोही मोबाइलवर अहवाल उघडण्याआधी. ‘अंतःशिरा कॅथेटरजन्य गुंतागुंत’ असले शीर्षक एकट्याने वाचणाऱ्या माणसाच्या मनात काय येत असेल याचा विचार कोडांच्या यादीत नसतो. वरच्या बाईंना असे सांगता येईल: ‘मानेत जी नळी होती, तिच्यातून रक्तात जंतू गेले होते. नळी काढली आहे, औषध चालू आहे, ते अमुक तारखेपर्यंत द्यावे लागेल.’ पलंगाजवळच्या फलकावर कोणती खबरदारी घ्यायची एवढेच असावे, जंतूचे नाव नसावे.

एमआरएसए असल्याची खूण प्रणालीत ठेवताना तिला तारीख, आधार आणि ती कधी व कोणी काढायची याचा नियम जोडावा. सध्या जंतू अंगावर वावरत असेल पण आजार नसेल तर झेड२२.३२२, पूर्वी संसर्ग होऊन गेला असेल तर झेड८६.१४, आणि हे दोन एकमेकांच्या जागी वापरू नयेत. नियम नसलेली खूण वर्षानुवर्षे राहते आणि बरी झालेली व्यक्ती प्रत्येक वेळी वेगळ्या खोलीची वाट पाहत बसते. नोंद चुकीची वाटली तर ती दुरुस्त करण्याची मागणी कोणाकडे करायची, हे घरी जाताना दिलेल्या कागदावर छापलेले असावे.

त्याच कागदावर जंतूचे नाव, औषधाची शेवटची तारीख, कोणत्या नळ्या काढल्या आणि कोणती अजून अंगावर आहे, आणि कोणत्या लक्षणांसाठी कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हे असावे. शस्त्रक्रियेच्या जागेवरील देखरेख रुग्ण घरी गेल्यावर संपत नाही. शस्त्रक्रियेचा दिवस पहिला धरून मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी आणि सिझेरियनसाठी ती ३० दिवस, तर खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलल्यास खोल संसर्गासाठी ९० दिवस चालते. या काळात माहिती देणारा एकमेव माणूस म्हणजे रुग्ण. ठरलेल्या दिवशी फोन करावा, जखम लाल आहे का, पाणी किंवा पू येतो का, ताप आला का, दुसऱ्या कोणा डॉक्टरांना दाखवले का, एवढे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्याच दिवशी भरावीत. रुग्णाने मोबाइलवरून पाठवलेले जखमेचे छायाचित्र कर्मचाऱ्याच्या खासगी फोनमध्ये पडून न राहता थेट त्याच्या केसपेपरला जोडले जाईल, अशी सोय संगणक विभागाने करून द्यावी.

असा रुग्ण अठराव्या दिवशी जखमेतल्या खोल संसर्गासाठी पुन्हा दाखल झाला, तर दुसऱ्यांदा दाखल झाल्याच्या त्या नोंदीत टी८१.४२एक्सए पुढे वाय लागेल, कारण संसर्ग घेऊनच तो आला आहे. परिचारिका मात्र तोच संसर्ग पहिल्या शस्त्रक्रियेच्या खात्यात आणि ती जेथे झाली त्या रुग्णालयाच्या नावावर मोजील. शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात झालेली असेल तर तेथील संसर्ग नियंत्रण विभागाला कळवावे, आणि कळवल्याची तारीख केसपेपरवर लिहावी.